राजाचा पुतळा, कोळणीचा पुतळा

पुतळ्यासमोर हात जोडायला आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या बायकांना कोणी शिकवावं लागत नाही. दर १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी गर्दी उसळते. गावोगावच्या बाया तिथे जातात, आऊसाहेबांच्या आणि बाल शिवबाच्या पुतळ्यासमोर उभ्या राहतात, डोळे भरून पाहतात. पण पुतळा कोण घडवतो, कसा घडवतो, त्याला किती दिवस लागतात, हे आपण सहसा विचारत नाही. म्हणूनच मैत्रिणींनो, आज पुतळे घडवणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगते.

त्यांचं नाव विनायक पांडुरंग करमरकर. लोक त्यांना नानासाहेब म्हणत. २ ऑक्टोबर १८९१ ला अलिबागजवळच्या सासवणे गावात त्यांचा जन्म झाला. गाव समुद्रकाठचं, घर साधं. पोराला मातीचा नाद होता, हातात कोळसा आला की भिंत रंगलीच! गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. तेव्हाचे कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या ते नजरेस पडलं. साहेबाने मुलाची चौकशी केली आणि त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकायला पाठवण्याची सोय केली. भिंत खराब केली म्हणून रट्टा मिळायचा, त्याऐवजी त्या चित्राने मुलाचं नशीब उघडलं. आपल्या घरात भिंतीवर रेघोट्या मारणारं पोर असेल, तर हे जरा ध्यानात ठेवा.

शिक्षण झाल्यावर ते कलकत्त्याला गेले. तिथे रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांचा त्यांना आधार मिळाला. पुढे १९२० मध्ये ते इंग्लंडला गेले, तिथल्या रॉयल अकादमीत शिकले. धातू ओतण्याची कलाही त्यांनी परदेशात नीट समजून घेतली. तीच त्यांना आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या कामात उपयोगी पडली.

ते काम म्हणजे पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. महाराजांचं भव्य स्मारक व्हावं ही कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांची तळमळ. नोव्हेंबर १९२१ मध्ये इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते पायाभरणी झाली, पण पुढच्याच वर्षी, मे १९२२ मध्ये शाहू महाराज गेले. काम मागे पडतं की काय अशी वेळ होती. त्यांचे चिरंजीव राजाराम महाराज यांनी वडिलांचा संकल्प सोडला नाही आणि पुतळा घडवण्याचं काम करमरकरांच्या हातात आलं. लहानपणी कोळशाने भिंतीवर रेखाटलेले महाराज आता ब्राँझमध्ये उभे करायचे होते.

असा पुतळा घडतो कसा, हे माहीत असलं की त्यामागचे कष्ट कळतात. आधी लोखंडी सांगाडा उभा करायचा. त्यावर ओली माती चढवत आकार द्यायचा. माती वाळून तडकू नये म्हणून रोज ओली फडकी गुंडाळायची, अगदी आपण मळलेली कणीक झाकून ठेवतो तशी. मनासारखं झालं की प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि शेवटी त्यावरून वितळलेला धातू ओतायचा. मोठा पुतळा साधारणपणे तुकड्या-तुकड्यांत ओतून जोडतात. एकसंध ओतायचा तर धातू घोड्याच्या खुरापासून स्वाराच्या बोटापर्यंत गोठायच्या आत पोहोचला पाहिजे. आपला साध्या वडीचा पाक क्षणभर चुकला तरी वाया जातो, इथे तर हिशेब टनांचा!

करमरकरांनी हा पुतळा एकसंध ओतला, मुंबईला माझगाव डॉकमध्ये. उंची साडेतेरा फूट, वजन सुमारे आठ टन. मग तो घाट चढून पुण्याला आला आणि जून १९२८ मध्ये त्याचं अनावरण झालं. शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आजही उभा आहे. शंभरी जवळ आली, किती पावसाळे गेले, महाराजांचा घोडा जागचा हललेला नाही. याउलट मालवणच्या राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला महाराजांचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये, वर्ष व्हायच्या आतच कोसळला. आपण सगळ्यांनी तो टीव्हीवर पाहिला, घराघरात हळहळ झाली. पुतळ्याला नुसती श्रद्धा पुरत नाही. वेळ, विद्या आणि जबाबदारी लागते, हे तेव्हा पुन्हा कळलं.

या पुतळ्याने करमरकरांचं नाव देशभर झालं. मोठमोठ्या माणसांच्या पुतळ्यांची कामं आली, पुढे पद्मश्री मिळाली. पण मला हा माणूस मोठा वाटतो तो आणखी एका गोष्टीसाठी. त्यांनी सासवण्याची ओढ सोडली नाही. गावच्या घरी ते शिल्पं करत राहिले. तिथे ना कुठला राजा पैसे देणार होता, ना कुठली समिती उद्घाटन करणार होती. ब्राँझ परवडत नाही तर सिमेंटमध्ये, प्लास्टरमध्ये त्यांनी माणसं घडवली. घरची माणसं, गावची माणसं, गुरंवासरंसुद्धा! त्यांची मत्स्यगंधा म्हणजे समुद्रकाठची कोळी पोरगी. १३ जून १९६७ ला ते गेले. त्यांच्या कुटुंबाने ते घर आणि शिल्पं जपली. आज तिथे शिल्पसंग्रहालय आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटाच्या बाया घेऊन मी अलिबागला सहलीला गेले होते, तेव्हा हे घर पाहिलं. आमच्यातली एक जण दिवसभर मजुरीने कापूस वेचते. ही कोणत्या राणीची मूर्ती, असं तिने मला हळूच विचारलं. राणी नाही, साधी कोळीण आहे म्हटल्यावर ती गप्प झाली. बाकीच्या समुद्र बघायला पळाल्या, ही मात्र तिथून हलेना. परतीच्या वाटेवर म्हणाली, की कामाच्या बाईचीही मूर्ती होते हे आजच कळलं.

आपल्याकडे पुतळ्याच्या बैठका होतात. तिथे बायकांच्या वाट्याला रांगोळी आणि औक्षणाचं ताट येतं. वर्गणी मात्र आपल्याही घरातून जाते. तेव्हा पुढच्या बैठकीला ताट खाली ठेवून पाच प्रश्न विचारायला काय हरकत आहे? शिल्पकार कोण? त्याने आधी काय घडवलंय? मातीचा नमुना आपल्याला बघायला मिळणार का? कामाला पुरेसे महिने दिलेत, की नुसती जयंतीची तारीख गाठायचीय? आणि चौथऱ्यावरच्या पाटीवर पाहुण्यांच्या नावांखाली घडवणाऱ्याचं नाव कोरणार ना?

जमलं तर सहावाही प्रश्न विचारा. थोरामोठ्यांचे पुतळे हवेतच, पण गावच्या शाळेच्या किंवा वाचनालयाच्या आवारात कमरेला ओटी बांधून कापूस वेचणारी एक बाई का नको? करमरकरांनी कोळणीला जागा दिली, ती कोणी न सांगता. आपल्या वऱ्हाडच्या बाईसाठी आपण निदान मागणी तरी करू या.