मासे ओळखणारा राजा : भूलोकमल्ल सोमेश्वर

श्रावण-भाद्रपदात एटापल्लीच्या आसपासचे नाले भरून वाहू लागले, की बांध्यांत आणि ओढ्यांत बोटाएवढ्या माशांचे थवेच्या थवे दिसतात. अशा वेळी गरी घेऊन काठावर बसणाऱ्याची मोठी पंचाईत होते. पाण्यात मरळ आहे हे कळत असते, तिच्या उसळण्याचा आवाजही येतो. पण गरीला लावलेल्या गांडुळाकडे ती ढुंकूनही पाहत नाही. जिकडे तोंड वळवावे तिकडे खाद्य असताना तिने आपल्या आमिषाला का भुलावे?

लहानपणी शेजारच्या एका म्हाताऱ्या बाबांच्या मागे मी नाल्यावर जात असे. असा दिवस आला की बाबा गांडूळ काढून टाकीत आणि त्याच नाल्यातला एक लहानसा जिवंत मासा गरीला लावीत. तो थव्याच्या मधोमध न टाकता थव्यापासून हातभर दूर, गवताच्या कडेला सोडीत. थव्यातून फुटलेला आणि नीट पोहू न शकणारा मासा मरळीला आधी दिसतो. तेवढ्यानेही काम झाले नाही, तर ते बेडकाचे पिल्लू लावीत. कारण रोजच्या ताटात नसलेला पदार्थ भरल्या पोटीही खावासा वाटतो. आज अमेरिकेत बास नावाच्या माशासाठी लाकडाचे, धातूचे आणि प्लॅस्टिकचे खोटे मासे वापरणारे शौकीन याच दोन वाटांनी जातात : एक तर पाण्यातल्या खाद्याशी हुबेहूब मिळते आमिष, नाही तर त्याहून अगदी वेगळे. बाबांनी हे कुठल्याही पुस्तकात वाचलेले नव्हते.

मात्र हा विषय पुस्तकात आलाच नाही असे नाही. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी एका सम्राटाने आपल्या ग्रंथात मासेमारीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. तो सम्राट म्हणजे कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर होय.

कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य हा या घराण्यातील सर्वांत पराक्रमी राजा. इ. स. १०७६ मध्ये गादीवर येऊन त्याने स्वतःच्या नावाचा शक सुरू केला आणि सुमारे पन्नास वर्षे राज्य केले. काश्मीरहून आलेला कवी बिल्हण आणि मिताक्षरेचा कर्ता विज्ञानेश्वर हे त्याच्याच आश्रयाचे. त्याच्या स्वाऱ्यांच्या वर्णनात बिल्हणाने चक्रकोटाचा उल्लेख केला आहे. चक्रकोट म्हणजे आपल्या शेजारचा बस्तरचा मुलूख. इंद्रावतीच्या या खोऱ्याशी कल्याणीच्या राजघराण्याचा संबंध आला तो असा तलवारीच्या निमित्ताने.

अशा पित्याच्या मागून इ. स. ११२६ च्या सुमारास सोमेश्वर गादीवर बसला. भूलोकमल्ल हे त्याचे बिरुद. परंतु लोकांनी त्याला सर्वज्ञभूप म्हणूनही ओळखले, आणि त्याच्या स्वभावाला हेच नाव अधिक शोभते. पित्याच्या चरित्रावर त्याने विक्रमांकाभ्युदय नावाचे काव्य लिहावयास घेतले, ते अपुरेच मिळते. त्याची खरी कीर्ती मात्र मानसोल्लास या संस्कृत ग्रंथावर उभी आहे. अभिलषितार्थचिंतामणी हे या ग्रंथाचे दुसरे नाव. त्यातील ज्योतिषाच्या गणितात शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९, हे वर्ष आधारासाठी घेतलेले असल्याने ग्रंथाचा काळ निश्चित करता येतो.

ग्रंथाचे पाच भाग असून प्रत्येकात वीस अध्याय आहेत. म्हणून त्यांना विंशती असे म्हणतात. राज्य कसे मिळवावे, ते स्थिर कसे करावे, राजाने कोणते उपभोग घ्यावेत, कोणते विनोद करावेत आणि कोणत्या क्रीडा खेळाव्यात, असा हा क्रम आहे. किल्ले, हत्ती, घोडे, औषधे, चित्रकला, संगीत आणि स्वयंपाक यांपैकी काहीही त्याने वर्ज्य मानलेले नाही. आपल्या मराठीवरही या राजाचे ऋण आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही नोंद त्याने गीतांच्या प्रकरणात करून ठेवली. ज्ञानेश्वरीच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी ओवी घराघरांत नांदत होती, याचा हा मोलाचा पुरावा होय.

चौथ्या विंशतीत मत्स्यविनोद हे प्रकरण येते. त्यात समुद्रातले मासे निराळे आणि नदीतले निराळे. खवल्यांचे निराळे आणि नुसत्या कातडीचे निराळे. शिवाय लहान, मध्यम व मोठे, अशी पद्धतशीर विभागणी केलेली आहे. रोहित आणि पाठीन ही आपल्या कानांवरची नावेही त्यात आढळतात. पुढे राजा माशांच्या आहाराकडे वळतो. सर्वांना एकच आमिष चालत नाही, हे त्याचे मुख्य सूत्र. कोणाला भाताचे, पिठाचे किंवा तिळाच्या पेंडीचे गोळे, तर कोणाला मांस, असे त्याने वाटून दिले आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याने गळ आधी टाकलेला नाही. अगोदर ठरावीक जागी मासे खाऊ घालावेत, त्यांना त्या अन्नाची आणि त्या जागेची सवय लागू द्यावी, आणि मगच गळ टाकावा, अशी ही रीत आहे. पाणी खाद्याने भरलेले असेल तर आपल्या आमिषाची गोडी आपणच आधी निर्माण करावी, असा त्याचा अर्थ होतो. आयझॅक वॉल्टनचे मासेमारीवरचे प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक १६५३ साली निघाले. सोमेश्वराचे प्रकरण त्याच्या पाचशेहून अधिक वर्षे आधीचे. भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहून अभ्यासकांचे तिकडे लक्ष वेधले. मूळ ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांच्या संपादनाखाली १९२५ पासून तीन खंडांत प्रसिद्ध झाला.

आता या विद्वान राजाच्या राज्याचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. दक्षिणेत होयसळ विष्णुवर्धन डोके वर काढीत होता, आंध्रातील वेंगीचा प्रदेश पुन्हा चोळांकडे गेला. इ. स. ११३८ च्या सुमारास सोमेश्वर वारला आणि त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांतच कलचुरी बिज्जलाने कल्याणीचे सिंहासन बळकावले. यावरून काही जण राजाला दोष देतात. माशाची भूक ओळखणाऱ्याला मांडलिकांची भूक ओळखता आली नाही, असे म्हणण्याचा मोह होतो खरा. पण त्याच्या हयातीत राज्याचा गाभा शाबूत होता, आणि पित्याने जिंकलेला मुलूख तर त्याच्या वंशजांपैकी कोणालाच टिकवता आला नाही. तो मुलूख आज नकाशावर नाही; मानसोल्लास मात्र आहे.

एक गोष्ट मला राहून राहून वाटते. कोणत्या माशाला काय आवडते, हे राजाला राजवाड्यात बसून कळले नसणार. काठावर जन्म घालवलेल्या कोळ्या-भोयांनी ते जाणले असणार. त्यांची नावे ग्रंथात नाहीत. तरीही राजाने त्यांची विद्या लिहिण्याजोगी मानली, म्हणून ती नऊशे वर्षे टिकली.

आमच्या बाबांची विद्या मात्र कोणी लिहिली नाही. ते गेले, आणि कोणत्या महिन्यात कोणत्या डोहावर काय लावावे, हे त्यांच्याबरोबर गेले. गडचिरोली जिल्हा होऊनही (१९८२) आता बरीच वर्षे लोटली. रस्ते आले, शाळा आल्या. परंतु माडिया आणि इतर वृद्धांकडे असलेले नदीनाल्यांचे ज्ञान अजून वहीत उतरायचे आहे. पाण्यात विष कालवून एका दिवसात डोह रिकामा करणाऱ्याला या ज्ञानाची गरज नसते. ज्याला पुढच्या वर्षीही त्याच डोहावर यायचे आहे, त्यालाच ते लागते. आपण कला शाखेचे विद्यार्थी. लिहिणे हेच आपले काम. येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा एक कोरी वही बरोबर न्यावी आणि काठावर बसलेल्या एखाद्या आजोबांशेजारी थोडा वेळ बसावे.