विश्लेषण : बँक काढायला परवाना का लागतो? चिंतामणराव देशमुखांच्या काळात काय बदलले?

परदेशी बँक, सहकारी बँक, स्मॉल फायनान्स बँक, पेमेंट्स बँक… मुंबईत अशा किती तरी पाट्या दिसतात. आज यातील प्रत्येक बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. १९४९ पर्यंत मात्र कंपनी म्हणून नोंदणी केली की बँक सुरू करता येत असे. हे चित्र बदलले तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव अर्थात सी. डी. देशमुख.

कोण होते चिंतामणराव?

जन्म १४ जानेवारी १८९६, महाडजवळच्या नाते गावी. १९१२ मध्ये मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. केंब्रिजला विज्ञान शिकून १९१८ मध्ये आयसीएस परीक्षेतही पहिले आले. मध्य प्रांतात नोकरी केल्यानंतर १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

तेव्हा अडचण काय होती?

१९३८ मध्ये त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली आणि ठेवीदार हादरले. पुढे युद्धकाळात पैसा खेळू लागला, तशा नव्या बँका आणि शाखा भराभर निघाल्या. त्यातल्या अनेकींचे भांडवल तुटपुंजे होते. पाच लाखांचे भांडवल व गंगाजळी असलेल्या बँकांना ‘शेड्युल्ड’ यादीत जागा मिळे. उरलेल्या छोट्या बँकांवर रिझर्व्ह बँकेचा फारसा वचक नव्हता.

बँकांसाठी स्वतंत्र कायद्याचा प्रस्ताव रिझर्व्ह बँकेने देशमुखांच्या आधीच, १९३९ मध्ये मांडला होता. विधेयक १९४४ मध्ये आले, पण रखडले. दरम्यान १९४६ मध्ये बँकांची तपासणी करण्याचे आणि नव्या शाखांना परवानगी देण्याचे अधिकार रिझर्व्ह बँकेला मिळाले. अखेर १६ मार्च १९४९ रोजी बँकिंग कंपनी कायदा लागू झाला.

कायद्याने काय बदलले?

• कलम २२ नुसार रिझर्व्ह बँकेचा परवाना सक्तीचा झाला. ठेवीदारांचे पैसे पूर्ण परत करण्याची ताकद आहे का, हा परवान्याचा मुख्य निकष.

• जुन्या बँकांना सहा महिन्यांत अर्ज करायचा होता. निकाल लागेपर्यंत व्यवहार चालू ठेवण्याची मुभा होती.

• एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या देशी बँकेला भांडवल व गंगाजळी मिळून पाच लाख रुपये लागत. मुंबई किंवा कलकत्त्यात शाखा असेल तर दहा लाख.

• परदेशी बँकांना १५ लाख, तर या दोन शहरांसाठी २० लाख.

मोठ्या शहरात बँक बुडाली तर धक्काही मोठा बसतो, म्हणून मुंबईची अट कडक ठेवण्यात आली.

कायद्यात काय राहून गेले?

सहकारी बँका या कायद्याबाहेर राहिल्या. महाराष्ट्रासाठी ही मोठी उणीव होती. १ मार्च १९६६ पासून त्याही कक्षेत आल्या आणि कायद्याचे नाव बँकिंग नियमन कायदा झाले. परवान्याने बँका बुडणे थांबले असेही नाही. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला.

देशमुखांचे पुढे काय झाले?

३० जून १९४९ रोजी ते गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले. १९५० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री झाले. १९५२ मध्ये कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले. त्यांच्याच काळात, १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयाविरोधात १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. नंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले.

ठेवीदारांनी आज काय पाहावे?

पाटी कोणत्या प्रकारची आहे ते पाहा. पेमेंट्स बँकेला एका ग्राहकाचे दोन लाखांपर्यंतच पैसे ठेवता येतात आणि कर्ज देता येत नाही. परवानाधारक व्यापारी आणि सहकारी बँकांतील ठेवींना एका बँकेत प्रति ठेवीदार पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्था ही बँक नव्हे. तिथल्या ठेवीला हे विमा संरक्षण नाही. व्याजदर विचारण्याआधी रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे का, हे विचारा.