मासे कधी पकडायचे हे कोण ठरवणार? दीडशे वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारणारा डॉक्टर : फ्रान्सिस डे

पावसाळ्याच्या तोंडावर नदीत गळ टाकायचा की नाही, हे नागपूरच्या माणसाला कोण सांगणार? राज्य सरकार की दिल्ली? या भांडणाची मुळं शोधत गेलं, की एका लष्करी डॉक्टरचं नाव समोर येतं.

फ्रान्सिस डे यांचा जन्म १८२९ सालचा, इंग्लंडमधल्या ससेक्सचा. वैद्यकीचं शिक्षण घेऊन १८५२ मध्ये ते मद्रास इलाख्यात सर्जन म्हणून आले. काम रुग्ण तपासण्याचं, पण ओढ माशांची. मलबारच्या माशांवरचं त्यांचं पुस्तक १८६५ मध्ये आलं आणि सरकारला हा डॉक्टर वेगळ्याच कामाचा आहे हे कळलं.

त्या काळात कालव्यांसाठी नद्यांवर बंधारे बांधले जात होते. बंधाऱ्याने मासा अडतो, वर जाऊन अंडी घालू शकत नाही, अशी तक्रार होती. गंमत म्हणजे तिच्याकडे लक्ष वेधणाऱ्यांत खुद्द बंधारे बांधणारे सर आर्थर कॉटन होते. चौकशीचं काम डे यांच्याकडे आलं आणि १८७१ मध्ये ते मत्स्यव्यवसायाचे इन्स्पेक्टर जनरल झाले.

त्यांनी प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांना प्रश्न पाठवले. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातूनही उत्तरं मागवली. कुठले मासे मिळतात, बाजारात भाव काय, जाळ्याचे आस किती बारीक, पिल्लं मारली जातात का? १८७३ च्या अहवालातलं चित्र वाईट होतं. पावसात धानाच्या बांध्यांत शिरलेली इवलाली पिल्लं सापळ्यांत अडकत होती, महाशीरसारखे मासे अंडी घालायला वरच्या ओढ्यांकडे निघाले की वाटेतच पकडले जात होते. कुठे पाण्यात विषही कालवलं जाई.

डे यांचं म्हणणं साधं होतं. आसाला किमान माप हवं, विषाला बंदी हवी, विणीच्या काळात मासेमारीला आळा हवा, आणि त्यासाठी कायदा हवा.

घोडं अडलं ते इथे. भारत सरकारने प्रांतांची मतं मागवली आणि ती एकसारखी आली नाहीत. राखण करायला माणसं कुठून आणायची, मच्छीमारांच्या पोटाचं काय, हे प्रश्न खोटे नव्हते. सगळ्या देशासाठी एक कायदा डे यांच्या कारकिर्दीत झालाच नाही. ब्रह्मदेशाला १८७५ मध्ये आपला कायदा मिळाला. १८७९ मध्ये मद्रास सरकारने निलगिरीपुरता शिकार आणि माशांच्या रक्षणाचा कायदा केला, तोही मुख्यतः हौशी शिकाऱ्यांच्या सोयीचा. म्हणजे साहेबांच्या गळासाठी नियम आधी आला, डे ज्याबद्दल बोलत होते तो बाजारातला मासा मागे राहिला.

डे १८७७ मध्ये निवृत्त होऊन चेल्टनहॅमला गेले. भारतीय माशांवरचा त्यांचा सचित्र ग्रंथ १८७८ पर्यंत भागाभागाने पूर्ण झाला. ब्रिटिश म्युझियमच्या अल्बर्ट गुंथर यांच्याशी त्यांचं पटत नसे, त्यामुळे त्यांच्या संग्रहातले बरेचसे मासे सिडनीच्या संग्रहालयात जाऊन पोहोचले. १८८९ मध्ये पोटाच्या कर्करोगाने ते वारले. त्याच वर्षी १,४०० हून अधिक जातींचं वर्णन असलेले त्यांचे दोन खंड प्रसिद्ध झाले.

कायदा आला तो ते गेल्यानंतर आठ वर्षांनी, १८९७ मध्ये. सुरुंग आणि विष यांवर थेट बंदी. जाळ्याचे आस आणि बंदीकाळ मात्र प्रांतांनी ठरवायचे. पुढे राज्यघटनेनेही हीच वाटणी ठेवली. मत्स्यव्यवसाय राज्य सूचीत, प्रादेशिक समुद्राच्या पलीकडची मासेमारी केंद्राकडे. महाराष्ट्राने १९६० मध्ये स्वतःचा मत्स्यव्यवसाय कायदा केला.

तरी तिढा सुटला नाही, कारण १९७२ चा वन्यजीव कायदा केंद्राचा. पेंच नदीवरचा तोतलाडोह जलाशय नागपूर जिल्ह्याच्या सीमेवर, दोन राज्यांत पसरलेला. तिथे मध्य प्रदेशने ३०५ विस्थापित कुटुंबांना मासेमारीचे परवाने दिले, तेव्हा या केंद्रीय कायद्यावर बोट ठेवून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९७ मध्ये न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत, पण कडक अटी घातल्या.