शाहीर अमर शेख

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ता. २० ऑक्टोबर १९१६ रोजी एका गरीब मुसलमान घरी मेहबूब हुसेन पटेल यांचा जन्म झाला. हेच पुढे शाहीर अमर शेख होत. लोकगीतांचा वारसा त्यांस आई मुनेरबी यांजकडून मिळाला. पोटासाठी त्यांनी मोटारीवर क्लीनरचे व गिरणीत मजुराचे काम केले; कामगारांची बाजू घेतल्यामुळे तुरुंगवासही भोगला.

सन १९४४ त अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. अण्णा भाऊ घाटकोपरच्या चिराग नगरात राहत. त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून गाऊन गावोगावी पोहोचविली. ता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. पुढल्याच वर्षी ‘प्रपंच’ चित्रपटात त्यांनी भूमिका केली. स्वतःचे काव्यसंग्रह असूनही मित्राच्या शब्दांस आपला पहाडी आवाज देण्यात त्यांनी कमीपणा मानिला नाही.

ता. २९ ऑगस्ट १९६९ रोजी मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. वाचकहो, चित्रफितीत व ध्वनिमुद्रिकेत आवाज टिकतो खरा. परंतु तो कोणासाठी झिजला, यावरूनच लोक त्याची आठवण ठेवितात, असे आम्हांस वाटते.