एम्प्रेस मिलमधील खाडे आणि जमशेटजींचा हिशेब

नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये सुरुवातीच्या वर्षांत कोणत्याही दिवशी शंभरांतील सुमारे वीस कामगार कामावर येत नसत. घरखर्चापुरते पैसे हाती आले की महिन्यातले उरलेले दिवस घरी काढण्यात त्यांना काही गैर वाटत नसे. अशा खाड्यांवर त्या काळच्या गिरणीमालकांना एकच औषध ठाऊक होते, ते म्हणजे दंड. जमशेटजी नसरवानजी टाटा यांनी मात्र दुसरा मार्ग धरला. पुढे त्यांचे नाव पोलाद, वीज आणि विज्ञानसंस्था यांच्याशी जोडले गेले आणि नागपूरचे हे प्रकरण काहीसे मागे पडले.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी बडोदे संस्थानातील नवसारी येथे, पारशी धर्मगुरूंच्या घराण्यात झाला. वडील नसरवानजी व्यापारासाठी मुंबईत आले. मुलाचे शिक्षण एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. १८६८ मध्ये जमशेटजींनी २१ हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली. चिंचपोकळीची एक बुडालेली तेलगिरणी घेऊन त्यांनी तिची कापडगिरणी केली आणि दोनच वर्षांत ती नफ्याने विकली. त्यानंतर लँकेशायरला जाऊन त्यांनी हा धंदा जवळून पाहिला.

नवी गिरणी मुंबईतच निघेल, अशी सर्वांची अपेक्षा होती. जमशेटजींनी नागपूर निवडले, कारण कापूस, रेल्वे आणि कोळसा ही तिन्ही तेथून जवळ होती. १८७४ मध्ये १५ लाख रुपयांच्या भांडवलाची कंपनी उभी राहिली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा झाली त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. व्यवस्थापक म्हणून नेमलेले बेजनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आले होते. सूतगिरणीचा अनुभव त्यांना नव्हता. तरी ही निवड अचूक ठरली.

पहिली यंत्रे हलक्या प्रतीची निघाली, म्हणून ती बदलावी लागली. लँकेशायरचे कारखानदार साशंक असतानाच जमशेटजींनी रिंग पद्धतीच्या चात्या बसवल्या. पण यंत्र जितके वेगवान आणि महाग, तितका त्याच्यापुढील रिकाम्या जागेचा तोटा मोठा. सरावलेल्या हाताऐवजी रोज कोणीतरी बदली माणूस उभा केला, तर सूत तुटते, माल बिघडतो आणि चाती थांबते. खाड्यांचा प्रश्न येथे थेट उत्पादनाला भिडत होता.

दंडाने कामगार फार तर चिडून गिरणी सोडतो, हे जमशेटजींनी ओळखले. म्हणून नियमित येण्यातच कामगाराचा लाभ राहील, अशी रचना त्यांनी केली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी स्थापन झाला. कामावर अपघात झाल्यास भरपाई देण्याची प्रथा १८९५ पासून सुरू झाली. देशात याविषयीचा कायदा होण्यास १९२३ साल उजाडले. भविष्यनिर्वाह निधीही आला. क्रीडादिन होऊ लागले, आणि बक्षीस समारंभाला कामगाराचे सारे कुटुंब बोलावले जाई. घड्याळे, सोन्याच्या साखळ्या, रोख रकमा अशी बक्षिसे बायकामुलांच्या देखत मिळत. ही योजना मोठी चतुर म्हटली पाहिजे. उद्या खाडा करावा की नाही, हा प्रश्न आता घरातही विचारला जाऊ लागला.

इमारतीकडेही त्यांचे लक्ष होते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात धागा चटकन तुटतो, म्हणून हवेत ओलावा राखणारी यंत्रे बसवली गेली. वायुवीजन सुधारले, आग विझवणारे फवारे आले. ओल्या हवेचा पहिला लाभ सुताला होता हे खरे, पण त्याच हवेत कामगारही श्वास घेत होता.

या सगळ्याला निव्वळ दानधर्म म्हणणे जमशेटजींवरच अन्याय होईल. निवृत्तिवेतनाच्या आशेने कामगार गिरणीला बांधला जात होता, आणि मालकाला तेच हवे होते. शिवाय कामाचे तास त्या काळच्या रीतीप्रमाणे लांबच राहिले. बायका आणि मुलेही गिरणीत राबत होती. ज्या सोयी मिळाल्या त्या मालकाच्या इच्छेने मिळाल्या, हक्क म्हणून नव्हेत. तरीही आजारपण, अपघात आणि म्हातारपण यांची धास्ती थोडी कमी झाली, तर माणूस यंत्रापुढे अधिक स्थिरपणे उभा राहतो, एवढे त्यांना इतरांच्या आधी उमगले होते.

१८८६ मध्येच त्यांनी कुर्ल्याची डबघाईला आलेली धरमसी मिल विकत घेतली आणि तिचे नाव स्वदेशी ठेवले. ती सावरताना त्यांचा कस लागला. अखेरच्या वर्षांत पोलादाच्या कारखान्याने त्यांचे मन व्यापले होते. जागासुद्धा ठरलेली नसताना, १९०२ मध्ये, त्यांनी परदेशातून पुत्र दोराबजींना पत्र लिहून कामगारांच्या वसाहतीत रुंद रस्ते, सावलीची झाडे, खेळाची मैदाने आणि सर्व धर्मांच्या प्रार्थनास्थळांसाठी जागा राखण्यास सुचवले.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाट नाउहाइम येथे जमशेटजींचे निधन झाले. पोलाद कंपनी १९०७ मध्ये स्थापन झाली आणि १९१२ मध्ये साकची येथील तिच्या कारखान्यात आठ तासांची पाळी लागू झाली.