बरगडीच्या आधाराने चेहरा परत देणारे शल्यविशारद
आधुनिक प्लास्टिक शल्यक्रियेचे जनक मानले जाणारे सर हॅरॉल्ड गिलीज यांचा जन्म १७ जून १८८२ रोजी न्यूझीलंडमधील ड्यूनेडिन येथे झाला. केंब्रिज व लंडन येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन ते कान-नाक-घसातज्ज्ञ झाले.

पहिल्या महायुद्धातील खंदकांच्या लढाईत हजारो सैनिकांचे चेहरे छिन्नविच्छिन्न झाले. गिलीज यांच्या प्रयत्नांतून १९१७ मध्ये लंडननजीक सिडकप येथे अशा जखमींसाठी स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले. तेथे पाच हजारांहून अधिक रुग्णांवर सुमारे ११ हजार शस्त्रक्रिया झाल्या.

नाकाच्या बाबतीत खरा प्रश्न आधाराचा होता; केवळ त्वचेचे नाक आक्रसून खचते. कपाळाच्या त्वचेपासून नाक घडविण्याची पद्धत मूळची भारतीय. पुण्यातील अशा शस्त्रक्रियेचा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाला होता. गिलीज यांनी तिला सांगाड्याची जोड दिली. रुग्णाच्याच बरगडीची कूर्चा कोरून ती कपाळाच्या त्वचेखाली रुजविली व काही महिन्यांनी त्वचेसह खाली वळविली. एका लेफ्टनंटचे नवे नाक प्रथम प्रमाणाबाहेर मोठे दिसले, तेव्हा स्वतः गिलीजही निराश झाले. पुढे सूज ओसरली आणि त्याला रेखीव चेहरा लाभला.

या अनुभवांवर आधारित त्यांचा ग्रंथ १९२० मध्ये प्रकाशित झाला. १९३० मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १० सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले. नाकाच्या पुनर्रचनेसाठी बरगडीची कूर्चा आजही वापरली जाते.