गिरणगावाला रविवार देणारा माणूस

तळेघरची एस.टी. घाट उतरून घोडेगाव, मंचरला येते. तिथून मुंबई. आंबेगाव-जुन्नरची कित्येक पोरे याच वाटेने गिरण्यांत अन् डब्यांच्या धंद्यात गेली. १९८२ च्या संपानंतर गिरणीतली अनेक जण रिकाम्या हातांनी परतली.

पुणे जिल्ह्यातल्याच कन्हेरसरचे नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या किती पिढ्या आधीचे! जन्म १८४८ चा. रेल्वे, टपाल आणि मग गिरणीत स्टोअरकीपर. जोतीराव फुल्यांचा हा सत्यशोधक अनुयायी ‘दीनबंधु’ चालवी. गिरण्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालत आणि सुट्टी मिळालीच, तर यंत्रे पुसण्यात जाई. लोखंड्यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभारली, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, ती १० जून १८९० ला. आज सकाळी निवांत बसून ही पुरवणी वाचणाऱ्यांनी तारीख ध्यानात ठेवावी.

मला मात्र मोठे वाटते ते १८९३ चे काम. ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा दंगा पेटला, पाऊणशेच्या आसपास माणसे मेली. शेजारशेजारच्या मागांवर उभे राहणारेच एकमेकांवर धावले होते. झाले गेले पोटात घालून पुन्हा एका खात्यात कामाला लागणे सोपे नव्हते. पण खाडा म्हणजे उपास. लोखंड्यांनी साऱ्या जातिधर्मांच्या हजारो कामगारांना राणीच्या बागेत एकत्र बसवले. मालकाशी भांडणाऱ्या पुढाऱ्याने हे करावे, यात नवल नाही. फुटलेल्या चाळीला पगारवाढ कोण देणार?

पुढे प्लेग आला. रोग्यांची सेवा करताना त्यांनाही लागण झाली. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले, पन्नाशीही न गाठता.